संगणकातील पडीक जागा

(सभासद भगिनींच्या बैठकीत केलेले भाषण. चिटणीसबाईंच्या आग्रहावरून लिहून दिले.)



दरवर्षी या बैठकीत कोणी लोणच्यांवर बोलते, कोणी मुलांच्या दुखण्याखुपण्यावर, कोणी शिवणकामावर. ते आपणां सर्वांच्या उपयोगाचे असते. माझा विषय जरा निराळा आहे. मंडळाच्या संगणकातील जागा संपली होती आणि एक पैचीही नवी जागा विकत न घेता ती त्याच संगणकात सापडली, ती कशी, एवढेच मला सांगावयाचे आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. संगणक मी मुलीच्या एम.एस.-सी.आय.टी.च्या मराठी पुस्तकावरून आणि तिच्या शेजारी बसून शिकले. तेव्हा इंग्रजी शब्द मी ऐकले तसेच सांगणार, ते आपण गोड मानून घ्यावेत.

जागा संपली तर एवढे काय बिघडले, असे नव्या सभासदांना वाटेल. त्यांच्यासाठी थोडे मागचे सांगते. २२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी आपल्या चिपळुणात शिरले, तेव्हा मंडळाचे लाकडी कपाट वरच्या फळीपर्यंत पाण्यात होते. चिखल उपसल्यावर ज्या वह्या हाती लागल्या, त्या आम्ही पानापानांत वर्तमानपत्र घालून गच्चीवर वाळवल्या. त्यांत पहिल्या वर्षाची हजेरीवही होती. तिच्यात तिघी सभासदांच्या नावांपुढे सह्या नाहीत, अंगठे आहेत. पुन्हा पाणी आले तर हे राहणार नाही, असे सर्वांनाच वाटले. म्हणून वर्गणीतून एक जुना संगणक घेतला आणि प्रत्येक पानाचा फोटो काढून त्यात ठेवला. पुढे आपल्या वडीलधाऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या, त्यांचेही चित्रण ठेवू लागलो. आमच्या मोबाईलवर तासाभराच्या चित्रणाला सात-आठ जीबी जागा लागते. ओव्या सांगणाऱ्या आजींपैकी दोघी आता हयात नाहीत. त्यांचा आवाज आहे तो याच पेटीत.

यंदा चैत्रात संगणकावरची सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली. सहा जीबी शिल्लक राहिले होते. नवे चित्रण ठेवू गेले की जागा नाही म्हणून परत येई. ज्या दुकानातून आपण मागे डिस्क बदलून घेतली होती, तेथे विचारले. तेथील मनुष्य म्हणाला, "डिस्क भरली आहे. सगळे पुसून विंडोज नव्याने घालावे लागेल. २,५०० रुपये होतील, आणि आतल्या डेटाची जबाबदारी आमची नाही." शेवटचे वाक्य ऐकून आमच्या खजिनदार काकू तेथूनच परत फिरल्या. मला मात्र दुसरीच गोष्ट खटकत होती. जुनी डिस्क २५० जीबीची होती. ती कटकट आवाज करू लागली म्हणून आपण एक हजार जीबीची, म्हणजे एक टीबीची, नवी बसवली. पावती माझ्यापाशीच होती. चौपट मोठे कपाट घेऊन वर्ष-दीड वर्षात ते भरावे कसे?

रत्नागिरीला शिकणाऱ्या माझ्या मुलीला फोन केला. ती म्हणाली, "आई, काही दाबू नकोस. फक्त नकाशा उघडून बघ." खाली विंडोजचे जे स्टार्टचे चिन्ह असते, त्यावर माउसची उजवी कळ दाबली की एक यादी निघते. तिच्यात 'डिस्क मॅनेजमेंट' असे नाव असते. ते उघडले की आपली डिस्क एका लांब पट्टीसारखी दिसते आणि तिचे भाग पाडलेले दिसतात. नुसते बघण्याने काही होत नाही, म्हणून हे प्रत्येकीने घरी अवश्य बघावे.

आमच्या पट्टीत डावीकडून पहिला अगदी लहान भाग, १०० एमबीचा. यंत्र सुरू होण्यापुरता तो असतो. मग सी, २३२ जीबीचा. त्याच्या उजवीस पाचएकशे एमबीचा 'रिकव्हरी' नावाचा भाग. विंडोज बिघडले तर दुरुस्तीचे सामान त्यात असते. आणि त्याच्यापुढे काळ्या पट्टीखाली लिहिले होते : ६९८ जीबी, अनॲलोकेटेड. म्हणजे कोणाच्याच नावावर न चढलेली जागा. दुकानदाराने जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल नव्या डिस्कवर उतरवली होती. नकलेत खोल्या जुन्या मापाच्याच आल्या आणि उरलेली पाऊण डिस्क तशीच पडून राहिली. दीड वर्ष आपण पैसे भरलेली जागा कुलपातसुद्धा नव्हती. तिला दारच नव्हते.

येथे एक शंका मला अनेकींनी विचारली आहे, ती फेडून टाकते. एक टीबीची डिस्क विंडोजमध्ये ९३१ जीबीच दिसते, तेव्हा दुकानदाराने फसवले का? नाही. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीने मोजतात आणि विंडोज १,०२४ च्या पटीने. वजन तेच, मापे निराळी. म्हणून शेकडा सात कमी दिसते.

आता हे भाग म्हणजे काय ते सांगते. डिस्कच्या सुरुवातीस एक छोटासा तक्ता लिहिलेला असतो. कोणता भाग कोठे सुरू होतो आणि कोठे संपतो, एवढेच त्यात असते. आपल्याकडे जमिनीचा सातबारा असतो तसा. जमीन असते तेथेच असते, पण उताऱ्यावर नाव नसले की ती कसता येत नाही. संगणकाचेही तसेच. जो तुकडा तक्त्यात कोणाच्या नावावर नाही, त्यात एक अक्षरही ठेवता येत नाही.

भाग पाडण्याची ही रीत जुनी आहे. आयबीएम कंपनीने १९५६ साली पहिली डिस्क बाजारात आणली. तिच्यात २४ इंच रुंदीच्या ५० तबकड्या होत्या आणि त्या सगळ्यांत मिळून सुमारे ५० लाख अक्षरे मावत. आज आपल्या मोबाईलवरचा हळदीकुंकवाचा एक फोटो तेवढी जागा खातो! पुढे १९८३ मध्ये त्याच कंपनीच्या टेबलावर ठेवण्याच्या संगणकात १० एमबीची डिस्क आली. ए आणि बी ही अक्षरे फ्लॉपीच्या दोन खणांना दिलेली होती म्हणून डिस्कच्या वाट्याला सी आले. फ्लॉपी गेली तरी सी तसाच राहिला. त्या काळच्या डॉस या प्रणालीला बरीच वर्षे ३२ एमबीहून मोठा भाग हाताळता येत नसे, म्हणून मोठ्या डिस्कचे तुकडे पाडावेच लागत. आता ती अडचण उरलेली नाही, पण आपल्याकडचे दुकानदार अजून सवयीने सी, डी, ई असे तुकडे पाडून देतात.

तर नकाशा बघितला. आता सी वर उजवी कळ दाबून 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' म्हणावयाचे की काम झाले, असे मोबाईलवरच्या चित्रफितींत सांगतात. आमच्याकडे ते अक्षर फिकट होते, दाबले जाईना. याचे कारण समजून घेण्यासारखे आहे, कारण निम्म्या बायका येथेच हात टेकतात. विंडोजला सी वाढवावयाचा असेल तर रिकामी जागा सी ला अगदी लागून, आणि तीही उजव्या बाजूस, असावी लागते. आमच्या सी च्या आणि पडीक जागेच्या मध्ये तो पाचएकशे एमबीचा रिकव्हरीचा भाग बसला होता. एवढ्याशा बांधामुळे पलीकडचे सगळे शेत अडले होते.

काही चित्रफितींत सांगतात की तो मधला भाग उडवून द्या. त्यासाठी काळ्या पडद्यावर 'डिस्कपार्ट' नावाची आज्ञावली चालवतात. ती मी कोणासही सुचवणार नाही. तिच्यात 'क्लीन' असा एक शब्द आहे, तो चुकीच्या डिस्कवर लिहिला गेला की त्या डिस्कचा सगळा तक्ता पुसला जातो. शिवाय दुरुस्तीचे सामान फेकून जागा करणे मला पटले नाही. भाग उडवण्याऐवजी उचलून पार टोकाला नेऊन ठेवता येतो. मग पडीक जागा आपोआप सी च्या शेजारी येते. विंडोजचा स्वतःचा डिस्क मॅनेजमेंट भाग सरकवू शकत नाही. त्यासाठी 'जीपार्टेड' नावाची प्रणाली मिळते, तिला पैसे पडत नाहीत. ती पेनड्राइव्हवर घालून त्यावरून संगणक सुरू करतात.

मुलगी मे महिन्यात घरी आली तेव्हा हे काम करावयाचे ठरले. पण त्याआधी दोन दिवस आम्ही फक्त नक्कल काढली. मंडळाचे सगळे दप्तर, फोटो, ओव्या बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या. त्यात वीज दोनदा गेली. नक्कल होताना वीज गेली तर मूळ तसेच राहते, पुन्हा सुरू करता येते. भाग सरकताना गेली तर मात्र अर्धे इकडे, अर्धे तिकडे असे होऊ शकते, म्हणून त्या दिवसासाठी चिटणीसबाईंच्या घरचा इन्व्हर्टर आणला. नक्कल झाली असे पडद्यावर लिहून आले, तरी मी समाधान मानले नाही. बाहेरची डिस्क मुलीच्या लॅपटॉपला लावून हजेरीवहीचे अंगठ्यांचे पान उघडून पाहिले, ओव्यांचे प्रत्येक चित्रण मधूनच लावून ऐकले. मगच ती डिस्क खजिनदार काकूंच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात गेली. चिपळुणात दुसऱ्या मजल्याचे महत्त्व मी सांगावयास नको.

नंतर दोन लहान कामे. दुरुस्तीचा भाग हलवण्यापूर्वी विंडोजला तसे सांगावे लागते, नाहीतर हलवल्यावर तो त्याला सापडत नाही. अधिकाराच्या काळ्या पडद्यावर 'रीएजंटसी' या आज्ञेपुढे 'डिसेबल' म्हटले, म्हणजे दुरुस्तीची व्यवस्था तात्पुरती बंद झाली. मग शिफ्टची कळ धरून संगणक बंद केला. नेहमीसारखा बंद केला तर विंडोज पुरते झोपत नाही, लवकर उठता यावे म्हणून अर्धवट जागे राहते. अशा स्थितीत जीपार्टेड त्याच्या भागांना हात लावत नाही, आणि लावू नयेच.

पेनड्राइव्हवरून संगणक सुरू केल्यावर तीच पट्टी निराळ्या रंगांत दिसली. रिकव्हरीचा भाग निवडून 'रिसाइझ-मूव्ह' म्हटले आणि तो माउसने ओढत उजव्या टोकास नेला. एवढे केले तरी प्रत्यक्षात काही घडलेले नसते. जीपार्टेड कामांची यादी करून ठेवतो आणि 'अप्लाय' म्हटल्यावरच हात घालतो. तेथे त्याने इशारा दिला की भाग हलवल्याने संगणक कदाचित सुरू होणार नाही. खजिनदार काकूंनी माझा दंडच धरला. मुलीने समजावले की आपण सी ला हातही लावलेला नाही, त्याच्या पलीकडचे लहान गाठोडे उचलून ठेवतो आहोत. काम मिनिटभरात झाले. पाचएकशे एमबी ते किती! पाचशे जीबीचा भरलेला भाग असा सरकवावयाचा असता तर तासन् तास गेले असते, कारण त्यातली प्रत्येक वस्तू एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी लिहावी लागते.

संगणक पुन्हा विंडोजमध्ये सुरू झाला. डिस्क मॅनेजमेंट उघडले, तर 'एक्स्टेंड व्हॉल्यूम' ठळक झालेले!

आता जागा किती द्यावयाची यावर आमच्यात चर्चा झाली. काकूंचे म्हणणे, सगळी सी ला द्या, रोजची कटकट मिटेल. मी निराळे सुचवले. सी मध्ये विंडोज राहते. कधी ते नव्याने घालण्याची वेळ आली तर सी पुसला जातो, पण शेजारचा डी तसाच राहतो. म्हणून सी ला २०० जीबी द्यावेत आणि उरलेल्याचा डी करून त्यात मंडळाचे दप्तर हलवावे. तसेच झाले. आकडा एमबीत मागतात, तो २,०४,८०० भरला. क्षणभरात सी ४३२ जीबीचा झाला. उजवीकडे वाढवणे इतके चटकन होते, कारण आतले काही हलत नाही, फक्त उताऱ्यावरची हद्द पुढे जाते. उरलेल्या ४९८ जीबीचा नवा डी केला. सी आता पुरेसा मोठा करूनच ठेवला, कारण डी शेजारी आल्यावर तो पुन्हा वाढवणे पूर्वीइतकेच अडचणीचे होणार. शेवटी 'रीएजंटसी'ला 'एनेबल' म्हणून दुरुस्तीची व्यवस्था पुन्हा चालू केली आणि 'इन्फो' विचारून ती खरेच चालू झाली का ते पाहिले. एक मात्र काकूंना मी बजावले : डी मध्ये ठेवले म्हणजे नक्कल झाली असे नव्हे. डिस्कच बंद पडली तर सी आणि डी दोन्ही एकदमच जातात. खरी नक्कल त्यांच्या कपाटातली.

घरोघरी आपणांस जे दिसेल ते बहुधा याहून वेगळे असेल. सी भरलेला, डी अर्धा रिकामा, आणि पडीक जागा मुळीच नाही. अशा वेळी पुष्कळजणी डी वर 'श्रिंक व्हॉल्यूम' म्हणून त्यातून पन्नास जीबी मोकळे करतात आणि सी वाढेना म्हणून रडकुंडीस येतात. श्रिंकने जागा मोकळी होते ती डी च्या शेपटाकडची. सी ला लागून डी चे डोके असते, ते तेथेच राहते. यावर उपाय दोन. डी मधले सगळे बाहेर उतरवून, पडताळून, मग डी काढून टाकावा, सी वाढवावा आणि उरलेल्याचा डी पुन्हा करावा. किंवा जीपार्टेडने डी पुढे सरकवावा आणि तो वेळ धीराने काढावा. पण मी म्हणते, आधी तिसरा उपाय करून पाहा. मुलांचे फोटो आणि लग्नाच्या चित्रफिती सी मधून डी मध्ये नेऊन ठेवा. पाचांपैकी चार घरी एवढ्यानेच भागेल आणि कोठलीही भिंत हलवावी लागणार नाही.

कोणी सी लहान करू गेले तर आणखी एक चमत्कार दिसतो. शंभर जीबी मोकळे असूनही विंडोज म्हणते, वीसच काढता येतील. स्वतःच्या काही फायली ते जागेवरून हलू देत नाही, आणि त्यांतली एखादी शेवटाकडे बसलेली असली की तिच्या अलीकडे भिंत सरकत नाही. याला यंत्राचा बिघाड समजू नये.

नव्या लॅपटॉपवाल्या सुनांसाठी एक सूचना. हल्ली विंडोज डिस्कला स्वतःच कुलूप घालते, त्यास बिटलॉकर म्हणतात. भाग हलवल्यावर ते ४८ आकडी किल्ली मागू शकते. ती आधी शोधून कागदावर उतरवावी आणि कुलूप तात्पुरते थांबवून मगच कामास लागावे. किल्ली नसेल तर मी त्या लॅपटॉपला हात लावणार नाही, मागाहून रुसू नये. आणि दोन निराळ्या डिस्क असतील तर एकीवरची रिकामी जागा दुसरीवरच्या सी ला या रीतीने देता येत नाही, हेही ध्यानात असावे.

त्या दुकानात मी नंतर गेले होते. भांडावयास नव्हे, नकाशाचा फोटो दाखवावयास. त्याने तो पाहिला आणि म्हणाला, "वहिनी, तुम्ही आधी बोलला असता तर आम्हीच केले असते." मी काही बोलले नाही. आधी गेलो होतो ते खजिनदार काकूंना चांगले आठवते.

दर मंगळवारी दुपारी तीन ते पाच मी मंडळाच्या खोलीत असते. ज्यांना आपला नकाशा बघावयाचा आहे त्यांनी लॅपटॉप, त्याचा चार्जर आणि नक्कल ठेवण्यापुरती बाहेरची डिस्क घेऊन यावे. बघण्यास पाच मिनिटे लागतात. हलवावयाचे असेल तर आधी नक्कल, मग पडताळा, आणि त्या दिवशी वीज जाणार असल्याची सूचना आलेली नाही ना, ते घरून विचारून यावे.